सड्यावरून माहेरी

लालबागच्या आमच्या खोलीत आई पहाटेपासून उभीच असायची, पण चालायची म्हणाल तर वर्षातून दोनदाच: मे महिन्यात माहेरी जाताना आणि तिथून परत येताना. एरवी तिचं चालणं म्हणजे शेगडीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून चाळीच्या नळापर्यंत, आणि उन्हाळ्यात मिरच्या भाजून झाल्या की गल्लीतल्या डंखापर्यंत. मसाला कुटणाऱ्या त्या डंखाचा धाड धाड आवाज दिवसभर कानावर असायचा आणि मिरचीच्या खाटाने अख्खी चाळ शिंकत असायची. आमच्याकडे खानावळ होती. पाटीबिटी काही नाही. बाबा गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होते, आणि गावचे, बिऱ्हाड गावाकडे ठेवून आलेले त्यांचे सोबती पाळी संपवून आमच्याकडे जेवायला यायचे. भिंतीला टेकून ओळीने बसायचे. कुळथाची पिठी, भाकरी, कधी तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं. एक पंगत उठली की हात पुसत दुसरी यायची. आई शेवटी जेवायची. हे लिहायचाही कंटाळा येतो, इतक्या बायकांनी इतकी वर्षं हे केलं आहे. पण आमच्या गोष्टीचं मूळ तिथेच आहे, म्हणून लिहायला हवं.

आईच्या तोंडी एक शब्द कायम असायचा, ‘नको’. माशाची शेवटची तुकडी उरली की ‘माका नको, माझा पोट भरला.’ दिवाळीला लुगडं घ्यायची वेळ आली की ‘माका नको, पोरांचा बगा.’ आजारपणात डॉक्टर नको, उन्हात पंखा नको. आमच्यात पहिल्या ‘नको’कडे कुणी लक्ष देत नाही, द्यायचंही नसतं. पाहुण्याने चहाला नको म्हणायचं, आपण दुसऱ्यांदा विचारायचं, तिसऱ्यांदा कप हातात द्यायचा, मग तो म्हणणार, ‘कित्याक उगाच केलास?’ आणि बशी पुसून पिणार. हा खेळ सगळ्यांना ठाऊक असतो. बाबा त्यात पटाईत होते. ते मितभाषी माणूस, प्रेम वगैरे बोलणाऱ्यांतले नव्हेत. पण आईच्या ‘नको’ला त्यांनी कधी भीक घातली नाही. तुकडी उचलून तिच्या ताटात टाकायचे. लुगडं न विचारता आणायचे, तेही तिला आवडणाऱ्या हिरव्या रंगाचं. तिचं ‘नको’ मोडून काढणं हीच त्यांची माया करण्याची रीत होती, आणि आई ते मोडलं की मान खाली घालून हसायची. मी बाबांवर रागवावं तर ते हसू आठवतं.

बाबांचं गाव समुद्राकाठी, खाडीच्या तोंडाशी. आईचं माहेर डोंगराच्या पलीकडे. मधे गाडीरस्ता नव्हता. मे महिन्यात आम्ही बाबांच्या घरी उतरायचो, आठ-पंधरा दिवस आई तिथल्या चुलीपुढे बसायची, आणि मग एका सकाळी माझ्या हाताला धरून माहेराला निघायची. बाबा तोवर मुंबईला परतलेले असायचे आणि धाकटे भाऊ आजीपाशी राहायचे, त्यामुळे त्या वाटेवर आम्ही दोघीच. आधी किनारा. पुळणीवरून माडांच्या सावलीसावलीने खाडीपर्यंत. तिथून साकवावरून पलीकडे आणि मग पाखाडी, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, राईतून वर चढत जाणारी. राईत इतकी दाट झाडी, की मेमध्येही दगडांना ओल. निम्म्यावर एक झरा होता, दगडी डोणीत पडणारा. राई संपली की एका जुन्या झाडाखाली डहाळ्यांचा ढीग असायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याने एक हिरवी डहाळी त्यावर ठेवायची, म्हणजे पाय दुखत नाहीत. आणि त्या झाडाच्या पुढे सडा: नुसता काळा कातळ, दूरपर्यंत सपाट, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची निळी रांग. सडा ओलांडला की खाली उतरणारी घाटी, काजूच्या बागा आणि आजोळ.

वाडीतलं शेवटचं घर मागे पडेपर्यंत आई बाबांच्या घरची सून असायची, डोक्यावर पदर, नजर खाली, चाल हळू. साकव ओलांडला की पदर खाली यायचा, कमरेला खोचला जायचा, आणि ती अशी झपाझप चालायला लागायची की मला धावावं लागे. करवंदांच्या जाळीत हात घालायची. झऱ्यावर गुडघ्यापर्यंत पाय धुवायची, तोंडावर पाणी मारायची आणि उगाचच बसून राहायची. माझ्या आईला उगाचच बसलेलं मी फक्त तिथे पाहिलं. सड्यावर पोचलो की शिदोरी सोडायची: भाकरी, लसणीची चटणी, भाजलेला सुका बांगडा. आणि तिथे, त्या कातळावर, ती माझ्याआधी जेवायला सुरुवात करायची. बांगड्याचा पोटाकडचा भाग स्वतः घ्यायची. मला पहिल्यांदा ते इतकं चमत्कारिक वाटलं, की मी बघतच राहिले. ‘काय बगतंस? जेव,’ म्हणाली.

सड्याच्या टोकाला गेलं की ती दोन्ही हात तोंडाभोवती धरून खाली हाळी द्यायची. मुलगी असताना ती तिथे गुरं राखायची, हाळी तेव्हाची. लालबागच्या खोलीत आवाज न चढवणारी बाई, पण ती हाळी कातळावरून घरंगळत खाली दरीत जायची. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग खालून, काजूंतून, मामाचा आवाज यायचा, ‘शेवंते गोऽऽ!’ लग्नात तिचं नाव बदलून सुनंदा केलं होतं. मुंबईत ती कुणाची वहिनी, कुणाची काकी, रेशनकार्डावर सुनंदा. शेवंती ती फक्त त्या टोकापासून पुढे असायची, आणि तिथे आठ दिवस राहायची. चालत एवढ्या लांब आलेल्या लेकीला लगेच परत जा कोण म्हणणार? आठ दिवस हा तिचा ठरलेला हक्क होता. त्या आठ दिवसांत तिला कुणी चुलीजवळ फिरकू देत नसे.

एका वर्षी परतताना घाटीत तिच्या टाचेत काटा मोडला. मुंबईला येईपर्यंत पाय सुजला, पू झाला. ती लंगडत भाकऱ्या थापत राहिली, आणि डॉक्टर नको म्हणाली. बाबांनी तिला जवळजवळ उचलूनच भोईवाड्यातल्या डॉक्टरांकडे नेलं. काटा निघाला तेव्हा बाबा तिथे उभे होते. घरी आल्यावर ते बराच वेळ तिच्या भेगाळलेल्या टाचांकडे बघत बसले होते. त्या संध्याकाळी त्यांच्या मनाने काय घेतलं ते पुढच्या रविवारी कळलं. आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाचे ते चिटणीस होते आणि मंडळाची सभा आमच्याच खोलीत भरायची. आता हसू येतं, पण तेव्हा आमच्या गावात विहीर कुठे खणायची, देवळाला कौलं की पत्रे, शाळेची भिंत कुठल्या अंगाला, हे सगळं लालबागच्या एका खोलीत, भिंतीला टेकून बसलेले पुरुष ठरवायचे. गावात राहणाऱ्यांना नंतर कळवायचे. बाबांनी त्या रविवारी विषय काढला: किनाऱ्यापासून राईतून, सड्यावरून पलीकडच्या गावापर्यंत रस्ता. मंडळाने सरकारच्या मागे लागून तो मंजूर करून घ्यायचा, गावाने श्रमदान करायचं, मग एसटी येईल.

सगळ्यांना पटलं. न पटण्यासारखं काही नव्हतंच. बाळंतिणीला डोलीतून न्यावं लागे, सर्पदंश झाला तर माणूस वाटेतच जाई. रस्ता वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. पण तो पाखाडीवरूनच जायला हवा असं नव्हतं. खाडीच्या अंगाने, थोडा लांबून, पण राईला हात न लावता नेता आला असता. एक-दोघांनी तसं सुचवलंही. बाबा म्हणाले, नाही, सरळ न्यायचा, म्हणजे बायकांना माहेर पाव तासावर येईल. कुणाच्या बायकोचं माहेर तिकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक गालात हसले. मग मंडळातले सर्वात वडील, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणायचो, ते शेगडीच्या आडोशाला लावलेल्या पडद्याकडे बघून म्हणाले, “अरे, वैनीक तरी इचारा. त्या वाटेन चलतत त्याच.”

पडद्यामागे आई चहा गाळत होती, मी कप लावत होते. सभेत बायकांनी बोलायची पद्धत नव्हती आणि कुणी विचारतही नसे. आईने गाळणं खाली ठेवलं. पडद्याआडूनच म्हणाली, “रस्तो गावाक व्हयो तर करा. पण माझ्यासाठी नको. माका चलत जावक बरा वाटता.”

बाहेर हशा पिकला. वाईट हशा नव्हता, मायेचा होता. वहिनी म्हणजे अशाच, कुणाला त्रास नको म्हणून. बाबाही हसले. म्हणाले, “हिच्या नकोवर गेलात तर ही उपाशी मरात.” पुन्हा हशा. मग जे झालं ते आमच्या खोलीत आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. आई पडदा सारून बाहेर आली. हात ओले, पदर कमरेलाच खोचलेला, तो डोक्यावर घ्यायचंही भान नाही. “मी खराच सांगतंय,” एवढंच म्हणाली.

मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल, का? तिच्या चेहऱ्यावरही तीच वाट बघणं होतं. तात्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “वैनीचो जीव मोठो.” बाबांचे डोळे भरून आले होते. आपल्या बायकोने चारचौघांत आपल्यासाठी एवढा त्याग करावा, याचा त्यांना अभिमान वाटत होता. आई थोडा वेळ उभी राहिली. मग आत आली आणि चहा ओतला. तिने इतकी वर्षं नको असलेलं आणि हवं असलेलं, दोन्हींना एकाच शब्दात नको म्हटलं होतं. खरं नको म्हणायची वेळ आली तेव्हा तिच्याकडे दुसरा शब्द उरला नव्हता.

रस्त्याला काही वर्षं गेली. यंत्र आलं तेव्हा राईचा मधला पट्टा गेला. पाखाडीचे चिरे उपटून भरावात घातले. झऱ्यावर माती लोटली गेली. तो मुद्दाम कुणी बुजवला नाही, फक्त तो तिथे आहे याची आठवण कुणी ठेवली नाही. पहिली एसटी निघाली त्या दिवशी मंडळाचे सगळे मुंबईहून गेले होते. गाडीला झेंडूच्या माळा, चाकाखाली नारळ. बाबांनी आईला पुढची, खिडकीची जागा दिली. तिने त्यांनी आणलेलं हिरवं लुगडं नेसलं होतं. मी मागच्या बाकावर होते. गाडी राईतून वर आली, डहाळ्यांच्या झाडाजवळून गेली, कुणाला उतरून डहाळी ठेवायला सवड नव्हती. सड्याच्या टोकाला वळण आलं तेव्हा आईने खिडकीची काच सरकवली. मला पाठमोरी दिसत होती, पण तिचे दोन्ही हात वर उचललेले मी पाहिले. तेवढ्यात ड्रायव्हरने वळणासाठी हॉर्न दिला, लांबलचक. आईने हात खाली घेतले. खाली थांब्यावर मामा मंडळाच्या लोकांसाठी हार घेऊन उभा होता. बाबांनी तिला विचारलं, कसं वाटलं. ती म्हणाली, “बरा.” ते एक ‘बरा’ बाबांना मरेपर्यंत पुरलं.

तिचे आठ दिवस त्या रस्त्यानेच नेले. हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. माहेर पाव तासावर आलं, तेव्हा तिथे राहायचं कारणच उरलं नाही. सकाळच्या गाडीने जा, भावाला भेट, दुपारचं जेव, संध्याकाळच्या गाडीने परत. बाबांची आई म्हणायची, गाडी आहे ना, मग रात्रीच्या भाकऱ्यांना ये. आई यायची. एका मे महिन्यात तिने चालत जायचं ठरवलं, मला घेऊन. साकवापर्यंत ठीक होतं, पुढे रस्त्याच्या कडेने धूळ खात चढत होतो. मागून एसटी आली आणि थांबली. कंडक्टर आमच्याच वाडीतला. म्हणाला, “वैनी, चढा. चलत कित्याक जातास?” आई म्हणाली, नको. झालं. गाडीतल्या बायांनी हात देऊन तिला वर ओढलं, कुणी जागा दिली, कुणी तिची पिशवी मांडीवर घेतली. सगळे प्रेमाने करत होते. दुसऱ्या दिवशी वाडीत बोलणं सुरू झालं, की चिटणीसाच्या बायकोला एसटी परवडत नाही की घरात काही बिनसलंय? त्यानंतर ती कधी चालली नाही. पुढे पुढे मे महिन्यात गावी जायचंही ती टाळू लागली.

बाबा गेल्यानंतर एकदा, तांदूळ निवडत बसलो होतो तेव्हा, मी तिला विचारलं, तू बाबांना नंतर कधी नीट सांगितलं का नाहीस? तिने सुपातून मान वर केली नाही. “सांगलंय ना गो. दोनदा सांगलंय.” मग एक खडा वेचून बाजूला टाकत म्हणाली, “त्यांनी माझ्यासाठी केल्यांनी. त्यांका काय सांगतलंय, तुमी माझी वाट बुजवलास?” आणि सूप पाखडायला लागली. मला वाईट वाटतं ते याचंच. तिथे दुष्ट कुणीच नव्हतं. कुणावर दात-ओठ खावेत असा एक माणूस मला त्या सगळ्यात सापडत नाही, आणि म्हणून हे दुःख कुठे ठेवावं तेही कळत नाही.

आता आमची चाळ नाही. त्या जागी टॉवर आहे आणि मी मुलाकडे एकोणिसाव्या मजल्यावर राहते. खिडकीतून शिवडीची खाडी दिसते, ओहोटीला चिखल चमकतो. खाली फिरायची सोय आहे, पण तिथे गोल गोल फिरायचं, कुठे पोचायचं नाही. माझी नात मुक्ता ऑफिसच्या मुलामुलींबरोबर डोंगर हिंडत असते. गेल्या हिवाळ्यात ती मोबाइल घेऊन माझ्याजवळ आली. म्हणाली, आजी, बघ ना, तुझ्या गावी आता ट्रेल काढलाय, समुद्र, जंगल, डोंगर, सगळं एकाच वाटेवर. पडद्यावर एक तांबडी रेघ होती. मी चष्मा लावून बघितलं. पुळण, खाडी, साकव, राहिलेली राई, सडा, घाटी. रस्त्याने खाल्लेल्या जागी रेघ वळसा घालून गेली होती. गावच्या तरुण मुलांनी जुनी वाट शोधून, झुडपं तोडून, दगडांवर बाण रंगवले होते. एवढ्या वर्षांनी कुणालातरी ती वाट चालण्यासारखी वाटली, याचा आनंद झाला आणि रागही आला.

मुक्ता म्हणाली, “आजी, येतेस? हळू चालणाऱ्यांचा वेगळा ग्रुप आहे, सीरियसली.”

माझं बोट त्या तांबड्या रेघेवरून सड्याच्या टोकापर्यंत गेलं होतं. आणि तोंडातून निघालं, “नको गं. माझे गुडघे कुठले चालायला.”

“ओके, नो टेन्शन,” ती म्हणाली. “तुला नको तर नको.” आणि माझ्या गालाची पापी घेऊन गेली. ही पिढी नाहीला नाही मानते. ते योग्यच आहे. मीच तिच्या आईला बजावलं होतं, की पोरीला असंच वाढव, कुणाच्या नाहीवर जबरदस्ती करायची नाही आणि आपल्या नाहीवर करू द्यायची नाही.

ती निघाली त्या संध्याकाळी मी भाकऱ्या केल्या, लसणीची चटणी केली, बांगडा भाजला. सुनेने खिडक्या उघडल्या, वासाबद्दल काही बोलली नाही, गुणी आहे. डबा देताना मी मुक्ताला सांगितलं, की राई संपते तिथे एक झाड आहे, असलं तर, त्याखाली हिरवी डहाळी ठेव, आणि सड्याच्या टोकाला जाऊन एक हाळी दे. कुणासाठी, तिने विचारलं. मी म्हटलं, दे तू. डॉक्टरांनी घ्यायला लावलेले चालायचे बूट मी दुपारीच काढून ठेवले होते. ते पायात घालून, नाड्या बांधून, मी दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. तिने पाठीवर सॅक चढवली, माझ्या पायांकडे बघितलं आणि खूश होऊन म्हणाली, “अरे वा, खाली वॉकला चाललीस? गुड, आजी.” मग लिफ्टचं दार लागलं. आमच्यात दुसऱ्यांदा विचारायचं असतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.